कन्सोलचा धंदा खोक्याचा नव्हताच, नाक्याचा होता

सेव्ह_पॉइंट (धागाकर्ते)

गेल्या रविवारी भाच्याने त्याच्या जुन्या लॅपटॉपवर फोर्झा होरायझन ५ हा गाड्यांचा गेम चालवून दाखवला. लॅपटॉप आठ वर्षांचा, ग्राफिक्स कार्ड नाही, बिजागरी सैल झालेली. त्याने ब्राउझर उघडला, कंट्रोलर जोडला आणि गाडी मेक्सिकोच्या रस्त्यांवर धावायला लागली. गेम चालत होता दूरच्या सर्व्हरवर, लॅपटॉपवर नुसतं चित्र येत होतं. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. माझ्याकडे पीएस४, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन ४, आहे. नवं कन्सोल घ्यायचं म्हणून दोन वर्षं पैसे बाजूला टाकतोय. त्या रविवारपासून ते पैसे खर्चायला हात उचलत नाही, म्हणून हा धागा.

"स्ट्रीमिंगमुळे कन्सोल संपणार का" हा प्रश्न २०१० मध्ये अमेरिकेत ऑनलाइव्ह ही स्ट्रीमिंग सेवा सुरू झाली तेव्हापासून विचारला जातोय आणि दर वेळी उत्तर "नाही" येतं. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. कन्सोल कंपन्या खोकं विकून कधी श्रीमंत झाल्या? एपिक विरुद्ध ॲपल खटल्यात २०२१ साली मायक्रोसॉफ्टच्या अधिकारी लोरी राइट यांनी साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्सचं खोकं कंपनीने कधीच नफ्यात विकलेलं नाही. पुढच्या वर्षी एक्सबॉक्सचे तेव्हाचे प्रमुख फिल स्पेन्सर यांनी आकडाही दिला: प्रत्येक कन्सोलमागे १०० ते २०० डॉलरची पदरमोड. ती भरून निघते पुढे, कारण त्या खोक्यावर विकल्या जाणाऱ्या गेमच्या किमतीतले साधारण ३० टक्के कंपनी ठेवून घेते. पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा ना, तसं. माल कुणाचाही असो, आत यायचं तर पावती फाडा.

ही पदरमोड न करता धंदा करून पाहिलेलं उदाहरण म्हणजे ३डीओ. १९९३ मध्ये पॅनासॉनिकने ते मशीन ६९९ डॉलरला आणलं. गेमच्या विक्रीतला वाटा यंत्र बनवणाऱ्याकडे येत नव्हता, त्यामुळे नफा यंत्राच्या किमतीतच धरावा लागला. ते फार काळ टिकलं नाही.

आता या गणिताचे दोन्ही पाय एकदम डळमळताहेत. एक, खोकं स्वस्त होत जाणं थांबलं. पीएस२ २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला आलं आणि २००९ मध्ये ९९ ला मिळत होतं. एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२० मध्ये ४९९ ला आलं आणि पाच वर्षांनी ६५० ला गेलं. पिढी म्हातारी झाली तरी किंमत चढतेच आहे. आपल्याकडेही पीएस५ ४९,९९० ला आलं आणि दोन वर्षांच्या आत ५४,९९० झालं. दोन, गेमपर्यंत जायला आता नाक्यावरूनच जावं लागतं असं उरलं नाही. भाच्याने कुठलंही खोकं घेतलं नाही. सॅमसंगच्या टीव्हीत २०२२ पासून एक्सबॉक्सचं ॲप आहे.

मायक्रोसॉफ्टकडे पाहिलं की हे स्पष्ट दिसतं. २०२५ च्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीत त्यांचं एक्सबॉक्स हार्डवेअरचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा २९ टक्क्यांनी घसरलं. हेलो, जो गेम म्हणजेच एक्सबॉक्स अशी ओळख होती, तो प्लेस्टेशनवर आणायची घोषणा त्याच सुमारास झाली. स्वतःच्या नाक्यावरची तटबंदी ते स्वतःच पाडताहेत.

माझा अंदाज: पुढच्या पिढीतही कन्सोल असेल, पण फोनमधल्या कॅमेऱ्यानंतर डीएसएलआर राहिला तसा. हौस आणि ऐपत दोन्ही असलेल्यांसाठी. बाकीचे माझ्या भाच्यासारखे. कुणाला पटत नसेल तर जरूर लिहा.

तपकीर_गल्ली

मला पटत नाही. मी पुण्यात सेकंडहँड गेम आणि कन्सोलचं दुकान चालवतो, तेव्हा माझा स्वार्थ यात आहे हे आधीच सांगतो.

तुम्ही एका एक्सबॉक्सवरून सगळ्या धंद्याचं भविष्य काढलंत. निन्टेन्डोचं काय? स्विच १५ कोटींच्या वर विकला गेला. स्विच २ आला जून २०२५ मध्ये आणि पहिल्या चार दिवसांत ३५ लाख गेले. पीएस५ ने ८ कोटींचा आकडा ओलांडला. धंदा मरतोय तो कुठे? एक कंपनी हरली, दुसऱ्या दोघी जिंकल्या, इतकंच झालं. आणि निन्टेन्डो तर इथे अधिकृतपणे विकतही नाही. लोक लॅमिंग्टन रोडवरून, दुबईहून येणाऱ्या पाहुण्यांकडून मागवतात. स्ट्रीमिंगला कुणी असा जीव टाकताना मी पाहिलेलं नाही.

आता हिशेब. एक्सबॉक्सच्या मासिक वर्गणीची सर्वात वरची योजना, गेम पास अल्टिमेट, २०२५ च्या ऑक्टोबरात ८२९ रुपयांवरून १,३८९ वर गेली. त्या दराने वर्षाचे १६,६६८ झाले. चार वर्षं भरलेत की ६६,६७२. तुमचं पीएस५ त्याहून स्वस्त पडतं, आणि चार वर्षांनी ते तुमच्या टेबलावर असतं. ते माझ्याकडे आणलंत तर मी तुम्हाला रोख पैसे देतो. सबस्क्रिप्शन संपल्यावर तुमच्या हातात काय राहतं?

डिस्कचंही तेच. नवा गेम पाच हजारांच्या आसपास. पहिला माणूस पूर्ण करून महिनाभरात माझ्याकडे आणतो, मी तीन हजाराला घेतो. पुढचा साडेतीनला नेतो, तोही परत आणतो. एकेक डिस्क मी चार-चार घरं फिरलेली पाहिली आहे. कसब्यातला कॉलेजचा पोरगा वर्षाला सहा मोठे गेम खेळतो तो याच जोरावर. तुमच्या नव्या व्यवस्थेत ही सोयच नाही. प्रत्येक घराने स्वतंत्र भाडं भरायचं.

सेव्ह_पॉइंट

तुमच्या दुकानाबद्दल आदर आहे, मी स्वतः अशाच दुकानांतून वाढलो. पण तुमच्याकडे चार घरं फिरलेल्या डिस्कवर नाकेदाराला पैसे एकदाच मिळतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून तर २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन जाहीर करताना मायक्रोसॉफ्टने जुन्या डिस्कवर निर्बंध आणायचं ठरवलं होतं. लोक इतके चिडले की महिन्याभरात माघार घ्यावी लागली. आता त्यांना काही जाहीर करावंच लागणार नाही. डिस्क नसली की प्रश्नच मिटला. पीएस५ प्रो मध्ये डिस्क ड्राइव्ह नाही, ती वेगळी विकत घ्यायची. स्विच २ ची काही कार्डं अशी आहेत की त्यांत गेमच नसतो, नुसती किल्ली असते, गेम डाउनलोड करावा लागतो. डिस्क स्ट्रीमिंगने मारली नाही, कन्सोलवाल्यांनीच मारायला घेतली आहे.

रॅक_आणि_फायबर

ऐरोलीत डेटा सेंटरमध्ये काम करतो. गेमिंग सर्व्हर आमच्याकडे नाहीत, पण रॅक (सर्व्हरची कपाटं), वीज आणि कूलिंगचा हिशेब रोजचा आहे. धागाकर्त्यांच्या लेखात खोक्याचा खर्च आहे, आकाशातल्या खोक्याचा कुठेच नाही. घोडं इथे पेंड खातं.

सगळे जण गेम स्ट्रीमिंगला चित्रपटांच्या स्ट्रीमिंगसारखं समजतात. चित्रपट एसटीसारखा आहे. फाइल एकदा तयार झाली की तीच हजार जणांना पाठवता येते, एक प्रवासी वाढला म्हणून गाडी वाढत नाही. गेम म्हणजे रिक्षा. तुम्ही डावीकडे वळलात, मी उजवीकडे वळलो, की दोन वेगळी चित्रं त्याच क्षणी तयार करावी लागतात. सेकंदाला ६० वेळा, प्रत्येक खेळाडूसाठी वेगळी. त्यासाठी खऱ्याखुऱ्या जीपीयूचा, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या चिपचा, तुकडा तुमच्या नावावर अडकून पडतो. एक्सबॉक्सची स्ट्रीमिंग सेवा चालते ती रॅकमध्ये बसवलेल्या सिरीज एक्सच्या हार्डवेअरवरच. म्हणजे खोकं गेलेलं नाही, तुमच्या हॉलमधून उठून रॅकमध्ये गेलं आहे. आधी ते तुम्ही विकत घेत होतात आणि त्याची वीजही तुम्हीच भरत होतात. आता दोन्ही कंपनीच्या गळ्यात.

यावर नेहमीचं उत्तर असं की एक खोकं दहा जण वाटून वापरतील. वापरतील का? लोक खेळतात कधी? रात्री नऊ ते बारा, शनिवार-रविवार. सगळे एकाच वेळी. पहाटे चारला तीच यंत्रं रिकामी. मग पहाटेची यंत्रं युरोपातल्या संध्याकाळला का देऊ नयेत? कारण अंतर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. हजार किलोमीटर जाऊन परत यायला १० मिलिसेकंद, आणि हे फक्त भौतिकशास्त्राचं भाडं. वाटेतले राउटर, चित्र दाबणं-उघडणं, घरचं वायफाय हे सगळं वर. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची असते. मुंबईचं यंत्र फ्रँकफर्टच्या खेळाडूला दिलंत तर तो बटण दाबेल आणि गोळी नंतर सुटेल. म्हणून सर्व्हर खेळाडूच्या जवळच हवेत, आणि जवळचे सगळे खेळाडू एकाच वेळी जागे असतात. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

आणि म्हणून बघा, एनव्हिडियाने जीफोर्स नाऊ या आपल्या स्ट्रीमिंग सेवेवर महिन्याला १०० तासांची मर्यादा घातली. म्हणून गेम पास अल्टिमेटचा अमेरिकेतला दर २०१९ च्या १४.९९ डॉलरवरून २०२५ मध्ये २९.९९ वर गेला. त्यात स्ट्रीमिंगशिवाय बरंच काही येतं हे मान्य, पण दर दुप्पट झाला हेही खरं. पदरमोड संपलेली नाही. ती एकदा करायच्या ऐवजी दर महिन्याला करावी लागते आहे.

कृष्णाकाठ

रॅक दादा, सगळं मान्य. पण हा खर्च कंपनीचा आहे, माझा नाही. मी कराडला राहतो, डिप्लोमाला आहे. ५५ हजार रुपये एकदम काढणारं घर आमचं नाही. गेम पासची महिन्याला ४९९ ची सर्वात खालची योजना मी परीक्षा नसेल तेव्हा घेतो, परीक्षा आली की बंद करतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सचं स्ट्रीमिंग भारतात अधिकृतपणे सुरू झालं, तेव्हापासून. तपकीर गल्ली काका, तुम्ही चार वर्षांचा सलग हिशेब केलात. माझ्यासारखी मुलं सलग भरतच नाहीत. खानावळीचा डबा सुट्टीत बंद ठेवतात, तसं.

आता डेटा. मी मोजून पाहिलाय. १० एमबीपीएसचा प्रवाह धरला तर तासाला साडेचार जीबी. मोबाइलचा रोजचा दोन जीबीचा पॅक २७ मिनिटांत संपतो, म्हणजे मोबाइल डेटावर हा नाद करायचाच नाही. पण फायबरच्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३.३ टीबी असतात. त्यात सातशे तासांवर खेळता येईल, तेवढे तास माझ्याकडेच नाहीत. लाइट गेली तर इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप दोन्ही चालतात. मोठं कन्सोल आणि टीव्ही आमच्या इन्व्हर्टरवर टिकणार नाहीत.

त्रास होतो तो वेगळा. पाऊस सुरू झाला की आमच्या भागातली लाइन अडखळते, चित्राचे चौकोन पडतात. ज्याची जोडणी आहे त्याला फोन केला तर "राउटर बंद करून चालू करा" हेच उत्तर. फायटिंगचा गेम खेळायचा मी सोडला, कारण तिथे उशीर लगेच कळतो. गाड्यांचे आणि गोष्टीवाले गेम मात्र छान चालतात. एवढ्या पैशांत माझ्यापुढे दुसरा पर्याय "कन्सोल" हा कधी नव्हताच, दुसरा पर्याय फोनवरचा बॅटलग्राउंड्स होता. कन्सोल कंपन्यांनी मला गिऱ्हाईक म्हणून कधी मोजलंच नव्हतं. आता मोजताहेत.

र्‍हाइनकाठी

कृष्णाकाठ, तुझ्या शेवटच्या वाक्याला माझं मत, आणि तरी मी धागाकर्त्यांच्या विरोधात लिहिते आहे. जर्मनीत राहते. गूगलचं स्टेडिया १९ नोव्हेंबर २०१९ ला ज्या १४ देशांत सुरू झालं त्यांत जर्मनी होता आणि मी पहिल्या महिन्यापासून त्यावर होते.

तंत्र म्हणून ते उत्तम चाललं. लॅगची, म्हणजे उशिराची, तक्रार मला क्वचितच आली. फसलं ते गणित. गूगलने खोकं काढून टाकलं, पण गेम मात्र पूर्ण किमतीला सुटे विकायला ठेवले. म्हणजे नाका तसाच ठेवला आणि आत शहरच वसवलं नाही. शहर वसवायचं तर स्वतःचे गेम हवेत. त्यासाठी उभारलेले स्टुडिओ त्यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्यांचा एखादा मोठा गेम बाहेर पडायच्या आत, बंद करून टाकले. सप्टेंबर २०२२ मध्ये बंद होणार म्हणून जाहीर केलं, १८ जानेवारी २०२३ ला दिवे घालवले. गेमचे आणि त्यांच्या स्टोअरमधून घेतलेल्या हार्डवेअरचे पैसे त्यांनी परत केले, हे त्यांच्या बाजूने नोंदवलंच पाहिजे.

पण एक विचार करा. जगातली सर्वात मोठी सर्व्हरची ताकद ज्यांच्याकडे आहे त्यातली एक कंपनी यात उतरली आणि सव्वातीन वर्षांत बाहेर पडली. तिला सोनी किंवा निन्टेन्डोने हरवलं नाही, गेमच्या अभावाने हरवलं. लोक मारिओसाठी स्विच घेतात. उद्या ढगातून येवो की कार्डावरून, मारिओ निन्टेन्डोकडेच असणार. तेव्हा नाका हलला तरी नाकेदार बदलत नाही, असं मला दिसतं.

शिवाय धोका ओळखण्यात कन्सोलवाले मागे होते असंही नाही. सोनीने २०१२ मध्येच ३८ कोटी डॉलर देऊन गाइकाई ही स्ट्रीमिंग कंपनी घेतली. ऑनलाइव्ह बंद पडलं तेव्हा, २०१५ मध्ये, त्याची पेटंटं घेतली. २०१९ मध्ये तर सोनी आणि मायक्रोसॉफ्ट, ज्यांचं एकमेकांशी हाडवैर म्हणून आपण मोठे झालो, क्लाउड गेमिंगवर (स्ट्रीमिंगचंच दुसरं नाव) एकत्र काम करण्याच्या करारावर सह्या करून बसले. आव्हान बाहेरून यायच्या आत त्यांनी ते घरात आणून बांधून ठेवलं.

रात्रपाळी

र्‍हाइनकाठी ताईंना +१. शिवाय सोनी आपल्याकडे प्लेस्टेशन प्लसची वरची योजना "डिलक्स" नावाने विकते. बाहेरच्या "प्रीमियम"मध्ये स्ट्रीमिंग आहे, डिलक्समध्ये नाही. ज्यांना आपल्याकडच्या बाजारात हे परवडेल असं वाटत नाही त्यांची गणितं काहीतरी सांगत असतील ना?

गेम_बनवे

सात जणांचा आमचा छोटा संघ आहे, पुण्यातून गेम बनवतो. आतापर्यंत खेळणाऱ्यांचं आणि विकणाऱ्यांचं झालं, बनवणाऱ्यांचं कुणी लिहिलं नाही.

सबस्क्रिप्शन सेवा छोट्या संघाला बहुतेक वेळा आधीच ठरलेली रक्कम देते. ती हातात आली की पगाराची चिंता वर्षभर मिटते. आमच्या एका गेमला अशी रक्कम मिळाली नसती तर तो पूर्णच झाला नसता. याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण दुसऱ्या गेमच्या वेळी निरोपांत एकच प्रश्न यायला लागला: "पासमध्ये कधी येणार?" विकत घेणारा माणूस थांबून राहायला शिकला. रक्कम किती हे पूर्वी गिऱ्हाइकांची गर्दी ठरवायची, आता एका कंपनीतला एक विभाग ठरवतो. त्या विभागाचं पुढच्या वर्षीचं धोरण बदललं की आमच्याकडे विचारायला दुसरं दार नाही.

म्हणून मला ब्रिटनमधला निर्णय महत्त्वाचा वाटतो. मायक्रोसॉफ्ट ६८.७ अब्ज डॉलरना ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही मोठी गेम कंपनी घेत होती. कन्सोलच्या बाजाराचं काय होईल यावर जगभर वाद झाला. पण ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये तो व्यवहार अडवला तो क्लाउड गेमिंगच्या कारणावरून. त्यांच्या हिशेबाने जगातल्या क्लाउड गेमिंगचा ६० ते ७० टक्के हिस्सा तेव्हाच मायक्रोसॉफ्टकडे होता. शेवटी ऑक्टोबरात मंजुरी मिळाली, पण त्यासाठी ॲक्टिव्हिजनच्या तेव्हाच्या आणि पुढच्या १५ वर्षांत येणाऱ्या गेमचे युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरचे स्ट्रीमिंग हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला द्यावे लागले. इतक्या छोट्या बाजारासाठी नियामक इतका अडून बसला, कारण उद्याचा नाका तिथे उभा राहतोय हे त्याला दिसत होतं.

तेव्हा धागाकर्त्यांशी मी अर्धा सहमत आहे. नाका हलतोय हे खरं. पण "नाका मोडला" असा जो आनंदाचा सूर लेखात आहे तो मला धास्तावतो. जुन्या नाक्यांत तीन नाकेदार होते आणि त्यांच्यात भांडण होतं. त्या भांडणाचा फायदा आम्हाला व्हायचा.

आणि गेम हक्काने तुमचा राहणं हा वेगळा मुद्दा आहे, तपकीर गल्ली, तो तुम्ही पैशात मोजलात पण तो पैशापुरता नाही. युबिसॉफ्टच्या द क्रू या गेमचे सर्व्हर मार्च २०२४ च्या अखेरीस बंद झाले आणि विकत घेतलेली डिस्कही निरुपयोगी झाली. त्यातून युरोपात मोहीम उभी राहिली आणि सह्यांचा आकडा दहा लाखांच्या वर गेला. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक गेम द क्रू सारखाच आहे. मी बनवलेला गेम वीस वर्षांनी माझ्या मुलीला दाखवता येईल का, हे मी नाही, कुणीतरी तिसराच ठरवणार.

सेव्ह_पॉइंट

गेम_बनवे, आनंदाचा सूर होता हे कबूल. भाच्याचा चेहरा डोळ्यांसमोर होता. नाकेदार एकच उरला तर ते वाईट होईल, यावर माझा वाद नाही.

पण र्‍हाइनकाठी, "नाकेदार बदलत नाही" हे मी मानत नाही. ॲपलने २०२० मध्ये ही स्ट्रीमिंग ॲप्स आयफोनवर येऊच दिली नाहीत, लोकांना ब्राउझरची आडवाट धरावी लागली. परवानगी मिळाली ती जानेवारी २०२४ मध्ये. कन्सोलच्या काळात ॲपलला सोनीच्या गिऱ्हाइकाशी काही देणंघेणं नव्हतं. आता फोनवाला, टीव्हीवाला, फायबरवाला सगळे वाटेत उभे आहेत. जीफोर्स नाऊवर तर तुम्ही स्टीमसारख्या दुकानातून घेतलेलेच गेम चालवता. गेमच्या विक्रीतला वाटा दुकानाला जातो, जीपीयूचं भाडं एनव्हिडियाला. फेब्रुवारी २०२० मध्ये ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डने आपले गेम तिथून काढून घेतले, तेव्हा विकत घेतलेला गेम कुठे चालवायचा हेसुद्धा प्रकाशकच ठरवणार हे कळलं. पूर्वी एका खोक्यात एकत्र असलेल्या गोष्टी, यंत्र, दुकान, परवाना, आता चार हातांत विखुरल्या. सोनी-निन्टेन्डोचं जुनं गणित या सगळ्या एका हातात असण्यावर उभं होतं.

रॅक_आणि_फायबर, तुमच्या रिक्षाचं उत्तर माझ्याकडे नाही. लेख लिहिताना रात्री नऊची गर्दी माझ्या डोक्यात आलीच नव्हती. "बाकीचे माझ्या भाच्यासारखे" हे वाक्य मी मागे घेतो. बाकीचे सगळे एका शनिवारी रात्री ढगात जाऊ शकणार नाहीत.

रॅक_आणि_फायबर

मग मीही थोडा पुढे येतो. सबस्क्रिप्शन आणि स्ट्रीमिंग आपण एकत्र धरतोय, ते वेगळे करा. गेम पासचे ३ कोटी ४० लाख सदस्य आहेत असं मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगितलं. या पासचा गेम डाउनलोड करूनही खेळता येतो, आणि तेव्हा जीपीयू घरचा असतो. कन्सोलच्या जुन्या गणिताला खरा धक्का या मासिक पासने दिला, कारण तीस टक्के घ्यायला सुटी विक्रीच उरली नाही. स्ट्रीमिंग ही त्याच पासची शेवटची नळी. कृष्णाकाठसारख्या मुलापर्यंत पोचायला ती लागते, आणि त्याच्यासारखे मोजूनमापून खेळतात म्हणून परवडते. तो रोज सहा तास खेळायला लागला तर ४९९ रुपयांत त्याची वीजसुद्धा निघेल का, मला शंका आहे.

कृष्णाकाठ

रोज सहा तास खेळलो तर आई राउटरच काढून ठेवेल, दादा.

पण एक विचारतो. दर अजून वाढला तर मी सोडून देईन. कन्सोल घेणारा माणूस दर वाढला म्हणून कन्सोल परत करत नाही. मग कंपनीला मी हवा आहे की तो?

तपकीर_गल्ली

कृष्णाकाठ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर कंपनीला माहीत. मी दुकानात पाहिलेलं सांगतो, माझ्या बाजूचं नाही तरी सांगतो.

परवा संध्याकाळी एक बाई मुलाला घेऊन आल्या. मुलगा नववी-दहावीतला. त्याला कंट्रोलर हवा होता. मी सवयीने विचारलं, कुठल्या कन्सोलचा? तो म्हणाला, कन्सोल नाही, टीव्हीला लावायचाय. या दिवाळीपासून असा तो सातवा की आठवा. आधी मला वाटायचं की यांना कन्सोल पुढे घ्यायचं असेल. आता मी विचारतच नाही. वापरलेले कंट्रोलर मी पूर्वी कन्सोलबरोबर जोडूनच विकायचो, आता सुटे मांडून ठेवलेत आणि तेच आधी संपतात.

त्याच्या आईने मात्र जाताना विचारलं की हा परत आणला तर किती द्याल. मी आकडा सांगितला. मग त्यांनी पोराकडे पाहून विचारलं, "आणि ते महिन्याचं?" पोरगा गप्प. मीही गप्प.